लिलावात गाव नसतं

३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादला बंगळुरूच्या संघानं पंजाबला सहा धावांनी हरवलं आणि आयपीएलच्या अठराव्या हंगामात पहिल्यांदा चषक उचलला. त्या संघाचा यष्टिरक्षक जितेश शर्मा हा अमरावतीचा. अंतिम सामन्यात त्यानं दहा चेंडूंत चोवीस धावा काढल्या. त्याच्या आठवडाभर आधी, २७ मे रोजी, लखनौविरुद्ध कर्णधार म्हणून उतरून त्यानं तेहतीस चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या होत्या. त्या रात्री अमरावतीपासून अकोल्यापर्यंत लोक टीव्हीसमोरून उठले नाहीत. ‘आपला पोट्टा खेळून राह्यला’ या एका वाक्यात सगळं वऱ्हाड त्या रात्री बंगळुरूचं झालं होतं.

जितेशचा भाव कसा चढत गेला ते पाहण्यासारखं आहे. २०१६ मध्ये मुंबईनं त्याला दहा लाखांत घेतलं आणि एकही सामना न खेळवता सोडलं. २०२२ मध्ये पंजाबनं वीस लाखांत घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा इथल्या लिलावात बंगळुरूनं त्याच्यासाठी अकरा कोटी मोजले. मुंबई, पंजाब, बंगळुरू. या तिन्ही ठिकाणी त्याचं घर नव्हतं, त्याची शाळा नव्हती, त्यानं जिथं पहिल्यांदा पॅड बांधले ते मैदान नव्हतं. म्हणून हा लेख जितेशच्या यशाचा नाही. त्याचं यश त्यानं कमावलं आहे आणि त्याचा अभिमान आम्हाला पुरेपूर आहे. प्रश्न आमच्या गावाचा आहे. वऱ्हाडातला मुलगा देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत पोचू शकतो, पण वऱ्हाडातला संघ कधीच पोचू शकत नाही. कितीही चांगला खेळला तरी नाही. ही व्यवस्था अशीच का आहे, आणि ती अशीच राहायला हवी का?

जगातल्या व्यावसायिक लीग ढोबळमानानं दोन रीतींनी चालतात. एक रीत अमेरिकेतून आली. १८७६ मध्ये तिथं बेसबॉलची नॅशनल लीग सुरू झाली. ठरावीक शहरांतले ठरावीक संघ, प्रत्येकाला आपल्या शहराचा हक्क, आणि बाहेरच्या संघाला आत यायचं तर आतल्यांची परवानगी हवी. तळाला गेलं तरी कुणी बाहेर काढत नाही. संघ म्हणजे मालकाकडं असलेला एक परवाना. दुसरी रीत इंग्लंडची. तिथं १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग काढली, १८९२ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडली गेली आणि त्यातून चढ-उताराची पद्धत रुजली. वरच्या श्रेणीत तळाला राहिलात तर खाली, खालच्या श्रेणीत अव्वल आलात तर वर. क्लब आधी, लीग नंतर. क्लबाचं गाव बदलत नाही, श्रेणी बदलते.

या दुसऱ्या रीतीत काय घडू शकतं, याचं एक उदाहरण अकोल्याच्या माणसानं लक्षात ठेवावं असं आहे. स्पेनच्या बास्क भागात एइबार नावाचं गाव आहे. वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. या गावाचा फुटबॉल क्लब एकेक श्रेणी चढत २०१४ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला. वर येण्यासाठी नियमानं भांडवल वाढवणं भाग होतं, तेव्हा जगभरातल्या हजारो लोकांनी थोडे-थोडे शेअर घेऊन ते उभं केलं. सात वर्षं हे गाव बार्सिलोना आणि रेआल माद्रिदशी खेळलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी रेआल माद्रिदला ३-० असं हरवलं. २०२१ मध्ये ते पुन्हा खाली गेले, पण क्लब तिथंच आहे, मैदान तिथंच आहे, आणि वर यायची वाट उघडी आहे. अकोला शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांवर होती. एइबारच्या पंधरा पट. आमच्या शहराला मात्र अशी वाटच नाही.

तसं पाहिलं तर वऱ्हाडचं नाव एके काळी देशाच्या धावफलकावर होतं. रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या काळात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावानं संघ उतरायचा. पुढं राज्यांची रचना बदलली आणि १९५७-५८ पासून विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून खेळू लागला. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम हे सगळे जिल्हे विदर्भ क्रिकेट संघटनेत येतात आणि तिचं केंद्र नागपुरात आहे. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. निवड चाचणी असो वा सराव शिबिर, वऱ्हाडातल्या खेळाडूचं क्रिकेट या रस्त्यावरच मोठं होतं.

या रस्त्यावर अकोला क्रिकेट क्लबनं जी माणसं पाठवली, ती यादी लहान शहराच्या मानानं थक्क करणारी आहे. अथर्व तायडे मूळ अकोल्याचा. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालच्या संघानं कूचबिहार करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध अथर्वनं ३२० धावा केल्या. त्याच हंगामात विदर्भाच्या मोठ्या संघानं इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला. तो सामना आठवताना लोकांना रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक आठवते, अक्षय वाडकरचं शतक आठवतं. त्या सामन्यात पदार्पण करणारा एक वेगवान गोलंदाज अकोल्याचा होता, आदित्य ठाकरे. प्रथम श्रेणी क्रिकेटची पहिली ओळख थेट रणजीच्या अंतिम सामन्यात! आणि त्यानंतर महिनाभरातच तो बदली खेळाडू म्हणून एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकासाठी न्यूझीलंडला गेला. अकोला क्रिकेट क्लबमधूनच पुढं आलेल्या दर्शन नळकांडेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे चार फलंदाज लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केले. विदर्भ तो सामना अवघ्या चार धावांनी हरला, पण ते षटक अकोल्यात अजून सांगितलं जातं.

अमरावतीची भारती फुलमाळी हीसुद्धा याच वाटेनं गेली. २०१९ मध्ये भारतीय संघात आणि नंतर महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये, गुजरातकडून.

विदर्भाचा संघ खऱ्या अर्थानं आमचा क्लब आहे, असं मला वाटतं ते याचसाठी. साठ वर्षं हा संघ देशात कुणी मोजत नव्हतं. रणजीत दुय्यम गट असायचा, त्यात विदर्भानं कित्येक हंगाम काढले, वर गेला, खाली आला. मग चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक आला, वसीम जाफरसारखा बाहेरचा पण मनापासून खेळणारा फलंदाज आला, फैज फजलनं संघ बांधला, आणि २०१७-१८, २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक आले. तिसरा २०२४-२५ मध्ये, नागपूरच्या जामठ्यावर, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम आहे. हे सगळं दुय्यम गटातून वर चढलेल्या संघानं केलं, आणि त्या चढण्यात अकोल्याच्या पोरांचा घाम आहे. संघ चढतो तेव्हा त्याच्यामागचा सगळा मुलूख चढतो. पुढच्या वर्षी मैदानावर येणाऱ्या मुलांची संख्या वाढते, पालक बॅट घेऊन द्यायला कुरकुर करत नाहीत, जिल्हा संघटनेचं म्हणणं नागपुरात ऐकलं जातं.

आयपीएलची रीत याच्या उलट्या टोकाची. २००८ च्या जानेवारीत आठ शहरांचे हक्क लिलावात विकले गेले, एकूण बहात्तर कोटी डॉलरांच्या वर. त्यात मुंबईचा संघ सर्वांत महाग होता. २०२१ मध्ये दोन नवे संघ वाढवले तेव्हा लखनौसाठी ७,०९० कोटी आणि अहमदाबादसाठी ५,६२५ कोटी रुपये मोजले गेले. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. इतका पैसा भारतीय खेळात आधी कधीच आला नव्हता, आणि त्यातला काही भाग खाली झिरपला हे मान्य केलंच पाहिजे. आयपीएलपूर्वी रणजी खेळणाऱ्या मुलाचं आयुष्य बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीवर टेकलेलं असायचं. आज रणजीपर्यंत पोचलेल्या खेळाडूला खेळूनच घर चालवता येतं. सगळ्या संघांना खर्चाची सारखी मर्यादा, २०२५ च्या हंगामासाठी १२० कोटींची, त्यामुळं एकच श्रीमंत संघ सगळे मोहरे गोळा करू शकत नाही. युरोपात क्लबांना मोकळीक आहे, तर बायर्न म्युनिकनं २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षं जर्मन लीग जिंकली. खाली जाण्याच्या भीतीनं क्लब कर्जात बुडतात हेही खरं. इंग्लंडमधला बरी हा क्लब २०१९ मध्ये पैशाअभावी लीगबाहेर काढला गेला, सव्वाशे वर्षांचा सहवास संपला. दोन्ही व्यवस्थांत माणसं भरडली जातात. पण भरडल्यावर पुन्हा उभं राहायची वाट कुठल्या व्यवस्थेत आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

याचं उत्तर महाराष्ट्रातच, पुण्यात सापडतं. पुणे वॉरियर्स हा आयपीएल संघ २०११ ला आला आणि २०१३ नंतर पैशांच्या वादात संपला. मग दोन संघांवर बंदी आली म्हणून दोनच वर्षांसाठी पुण्याला नवा संघ मिळाला. २१ मे २०१७ रोजी हैदराबादला तो संघ आयपीएलचा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेनं हरला. एका धावेनं! क्लबाची रीत असती तर पुढच्या वर्षी ती एक धाव भरून काढायला तो संघ मैदानात उतरला असता. पण करार दोन वर्षांचा होता, पुढच्या वर्षी तो संघच नव्हता. फुटबॉलमध्ये तर आणखी विचित्र. २०१४ ला इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटी निघाला, आय-लीगमध्ये खेळणारा पुणे एफसी त्यानंतर बंद पडला, २०१९ मध्ये पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसीनं घेतली, आणि २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला गेला. ज्या पुणेकरांनी बालेवाडीत घसा फोडून त्या संघाला हाका मारल्या, त्यांना कुणी विचारलं नाही.

याच्या शेजारी लंडनच्या विम्बल्डनची हकिकत ठेवावी. तिथला फुटबॉल क्लब २००३ मध्ये मालकांनी मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवला. त्याच्या आधीच्या वर्षी, हा निर्णय होताच, चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. मोकळ्या मैदानात खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. खालच्या श्रेण्या उघड्या होत्या म्हणून ते एकेक चढत गेले, आणि २०११ मध्ये पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आले. पुणेकरांच्या प्रेमात काही कमी नव्हतं. त्यांना चढायला पायऱ्याच नव्हत्या.

गोव्यातही हीच जखम आहे. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा ही गोव्याची जुनी घराणी. धेंपोनं पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली होती. सुपर लीग सुरू झाल्यावर वरच्या पायरीवर जायची वाट पैशानंच उघडते हे दिसलं, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिघे आय-लीगमधून बाहेर पडले. पुढं भारतीय फुटबॉलनं ते दार थोडं उघडलं. २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर गेला, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. धेंपोही खालच्या श्रेणीतून खेळत आय-लीगमध्ये परतला. बंद लीगसुद्धा मनात आणलं तर उघडता येते, ही गोष्ट मी त्यातून घेतो.

आता घरची गोष्ट. जून २०२५ मध्ये, आयपीएल संपताच, विदर्भ क्रिकेट संघटनेनं आपली वीस षटकांची लीग सुरू केली, विदर्भ प्रो टी-ट्वेंटी. पुरुषांचे सहा संघ, महिलांचे तीन. मुलींसाठी वेगळे संघ पहिल्याच वर्षी काढले, याबद्दल संघटनेला मनापासून दाद द्यायला हवी. बंगळुरूचा चषक नुकताच उचलून आलेला जितेश या लीगमध्ये नेको मास्टर ब्लास्टरकडून खेळला. पण पुरुषांच्या संघांची नावं वाचा: नेको मास्टर ब्लास्टर, पगारिया स्ट्रायकर्स, ऑरेंज टायगर्स, भारत रेंजर्स, नागपूर टायटन्स, नागपूर हिरोज. सहांपैकी दोन नागपूर आणि बाकीचे कुठल्याच गावाचे नाहीत. अकोला नाही, अमरावती नाही, यवतमाळ नाही, चंद्रपूर नाही. सामने जामठ्यावर. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतली पोरं या संघांत वाटली गेली, त्यांना प्रकाशझोतात खेळायला मिळालं, हे चांगलंच झालं. पण अकोल्याच्या माणसानं यातला कुठला संघ आपला म्हणावा?

तुलनेसाठी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं २०२३ मध्ये सुरू केलेली लीग पाहा. तिथंही संघ विकतचेच, सामने गहुंज्याला, पण पहिल्या वर्षी नावं पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशी होती. रत्नागिरीच्या संघानं पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा कोकणात फटाके उडायला निदान एक कारण होतं. माणूस नावावर जीव लावतो, याचं सगळ्यात दुःखद उदाहरणही २०२५ मध्येच दिसलं. ४ जूनला बंगळुरूत विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. त्यांचा संघ विकतचा असेल, त्यांचं प्रेम विकतचं नव्हतं. त्यामुळंच हा विचार खेळाच्या हिशेबाचा न राहता जबाबदारीचा होतो. लोकांच्या नात्यावर धंदा उभा करायचा, तर त्या नात्याला व्यवस्थेत काही हक्क हवा.

वऱ्हाडाला संघाची आणि संस्थेची परंपरा नवी नाही, म्हणून हे जास्त लागतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी उभारलेल्या या संस्थेचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथं त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यात कबड्डी होती. ज्या मातीतल्या माणसांनी नव्वद वर्षांपूर्वी हा खेळ जगासमोर नेला, त्या मातीचा प्रो कबड्डीत संघ नाही. २०१४ मध्ये आठ संघांनी ती लीग सुरू झाली, २०१७ मध्ये बारा झाले. महाराष्ट्राचे दोन, मुंबई आणि पुणे. आजही वऱ्हाडातल्या गावोगावी थंडीत कबड्डीचे सामने लागतात. मंडळं एकमेकांच्या गावी ट्रॅक्टर-टेम्पोनं जातात, बक्षिसाची रक्कम गावातले दुकानदार आणि पुढारी मिळून देतात, आणि रात्री दोनला संपणाऱ्या सामन्यालाही लोक ओट्यांवर दाटीनं बसलेले असतात. ही क्लब व्यवस्थाच आहे, अगदी जिवंत. फक्त हिच्या वरच्या टोकाला दार नाही. गावाचं मंडळ तालुका जिंकेल, जिल्हा जिंकेल, आणि तिथून पुढं मंडळ थांबेल. पुढं जाईल तो एखादा चढाईपटू, एकटा.

प्रो कबड्डीनं खेळाडूंचं भलं केलं, यात वाद नाही. पहिल्या लिलावात सर्वांत महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजार. पाचच वर्षांत, २०१९ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला एक कोटी ४५ लाख मिळाले. रेल्वे-पोलिसांतल्या नोकरीशिवाय ज्यांना भविष्य नव्हतं, त्यांना या लीगनं उभं केलं. मागणी एवढीच की सिद्धार्थ ज्या मातीत तयार झाला, त्या मातीलाही त्यातलं काही मिळावं.

फुटबॉलनं यावर उपाय काढला आहे. २००१ पासून जागतिक महासंघाचा नियम आहे. करारात असलेला खेळाडू एका क्लबाकडून दुसऱ्याकडं पैसे देऊन गेला, की त्या रकमेतले पाच टक्के बाजूला निघतात, आणि बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वर्षांसाठी दरसाल पाव टक्का, पुढच्या वर्षांसाठी अर्धा टक्का. कुठल्या तरी खेड्यातल्या क्लबाला या पाव-अर्ध्या टक्क्यांतून मैदान दुरुस्त करता येतं. आयपीएलमध्येही परदेशी खेळाडूच्या मानधनाच्या प्रमाणात काही रक्कम त्याच्या देशाच्या क्रिकेट मंडळाला मिळते. म्हणजे घडवणाऱ्याचा वाटा मान्य आहे. तो फक्त परदेशी मंडळापर्यंत मान्य आहे, अकोल्याच्या क्लबापर्यंत नाही. लिलावाची रक्कम ही खेळाडूचं मानधन असते, त्यातून एक पैसाही कापू नये. पण संघमालकांनी त्यावर पाच टक्के वेगळे द्यायचे ठरवले, तर अकरा कोटींवर पंचावन्न लाख होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पंचावन्न लाखांत काय होतं, ते मैदानावर रोज उभा राहणारा कोणताही प्रशिक्षक बोटांवर मोजून दाखवेल: चांगल्या मातीच्या खेळपट्ट्या, त्यांना पाणी, रोलर, जाळ्या, गोलंदाजीचं यंत्र, मुलींसाठी स्वच्छतागृह, नागपूरच्या चाचणीला जाणाऱ्या मुलांचं रेल्वेचं तिकीट.

आयपीएल उघडी करा, असं मी म्हणत नाही. हजारो कोटी भरून बसलेला मालक खाली जायला तयार होणार नाही. पण विदर्भाची लीग तर आपल्या हातातली आहे. नागपूरच्या क्लबांसाठी गुझदर लीग वर्षानुवर्षं श्रेण्यांमध्ये चालते. त्या श्रेण्यांची कल्पना अकरा जिल्ह्यांपर्यंत न्यावी. प्रत्येक जिल्ह्यातल्या क्लबांची स्पर्धा, तिथला विजेता विभागीय श्रेणीत, आणि विभागातला विजेता पुढच्या जूनमध्ये प्रो लीगमध्ये, स्वतःच्या गावाच्या नावानं. विकलेल्या सहा संघांना हात न लावता सातवी जागा काढता येते, आणि ती जागा दरवर्षी मैदानावर मिळवायची. चार सामने तरी अकोल्याला, अमरावतीला खेळवावेत. आणि विदर्भाचा जो खेळाडू लिलावात जाईल, त्याच्या पहिल्या क्लबाचं नाव संघटनेच्या दप्तरात नोंदलेलं असावं, म्हणजे उद्या वाट्याची वेळ आली तर तो कुणाला द्यायचा यावर वाद होणार नाही. या शेवटच्या कामाला पैसा लागत नाही. येत्या हंगामातल्या नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवला की झालं.